कुवेतची तार

शंकरराव चार महिने सबंध दौंड जंक्शनला सांगत होता, की आमचा भैरू कुवेतला तारबाबू झाला.

त्यात त्याचा दोष नव्हता. पोराच्या पत्रात तसंच होतं. 'गॅरेजची ड्यूटी पाचला सुटते. दर गुरुवारी संध्याकाळी बू यूसुफ व्यापाऱ्याच्या घरी तार वाजवायला जातो. म्हातारा खूश आहे. म्हणतो, असा हात मुंबई सोडल्यापासून पाहिला नाही.' आता रेल्वेतल्या माणसानं यातून दुसरा काय अर्थ काढायचा? तार वाजते ती तारघरात, पंख्याखाली, पांढऱ्या शर्टातल्या माणसाच्या बोटाखाली, कट्ट कडकट्ट. शंकररावानं लोको शेडमध्ये वीस वर्षं कोपरापर्यंत ऑइलमध्ये हात घातले होते आणि तो पांढरा शर्ट लांबून पाहिला होता. पत्र वाचून झाल्यावर त्यानं हात दोनदा साबणानं धुतले आणि तारघरात जाऊन ते पुन्हा मोठ्यानं वाचलं.

तारबाबू निवृत्तीला आलेले सावध गृहस्थ होते. कुवेतला रेल्वेच नाही म्हणतात, असं ते चाचरत म्हणाले. शंकररावाकडं उत्तर तयार होतं. रेल्वे नसेना का, शेखाला घरी तार लागतच असेल. तिकडच्या लोकांनी तेल अडवल्यापासून सगळं जग त्यांना विनवण्या करत होतं. त्या विनवण्या उतरवून घ्यायला कुणीतरी माणूस लागणारच. यावर तारबाबूंनी चहा मागवला. त्या दिवसापासून तारघराच्या बाकावर शंकररावाला टेकायला जागा मिळू लागली, आणि 'आमचं खातं' हा शब्द त्याच्या तोंडी कधी आला ते त्यालाही कळलं नाही.

मग आणीबाणीतला शहात्तरचा जानेवारी उजाडला. गाड्या वेळेवर धावत होत्या. निदान भिंतींवर तसं रंगवलेलं होतं. अशाच एका वेळेवर आलेल्या गाडीतून चाँदभाई आतार उतरला. हा मूळचा शिरूरचा. कुवेतच्या त्याच गॅरेजात भैरूच्या शेजारी काम करायचा आणि दोन महिन्यांच्या रजेवर निघाला होता. शिरूरची एसटी धरण्याआधी त्यानं शंकररावाला तारघरात गाठलं, एक पाकीट आणि एक कॅसेट हातात दिली. कॅसेटमध्ये भैरूचा आवाज आहे, तो वाजवायचं यंत्र आपल्या सामानात आहे, रविवारी शिरूरला तुमच्या वडिलांच्या, आबांच्या घरी घेऊन येतो, असं म्हणाला.

शंकररावानं पाकीट चौघांदेखत फोडलं. आत फोटो होता. गालिचा, त्यावर पायघोळ झग्यातली पाच-सहा माणसं, मधे एक म्हातारा आणि त्याच्या मांडीवर मान मोडलेल्या सतारीसारखं काहीतरी. त्या म्हाताऱ्याला खेटून भैरू. तारबाबूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि फोटो बराच वेळ न्याहाळला.

"मशीन दिसत नाही," ते म्हणाले.

मग बोट ठेवून त्यांनी विचारलं, याच्या हातात हे गोल काय आहे?

"तारच की," चाँदभाई निरागसपणे म्हणाला. "तिकडं डफाला तार म्हणतात."

*

रविवारी न्हावऱ्यावरून शिरूरला जाणाऱ्या एसटीत चांगुणा नवऱ्याच्या शेजारी बसली होती आणि दोन तास त्याच्या वरच्या खिशाकडं बघत होती. खिशात विमानाचं निळं पत्र होतं. त्यात काय आहे हे तिला तोंडपाठ होतं, कारण शुद्धलेखनासाठी शंकररावानं ते तीनदा मोठ्यानं वाचलं होतं.

'चि. भैरू यास. विषय : वाद्यवादन. तुला कळविण्यात येते, की सदर वाद्य आपल्या घराण्याने छप्पन साली कायमचे बंद केलेले असून ते तू तात्काळ सोडावे. न सोडल्यास या घराची पायरी चढू नये.'

भैरूला जाऊन दोन वर्षं होत आली होती. एप्रिलात त्याची रजा होती. भीमजयंतीला घरी पोचतो म्हणून त्यानं कळवलं होतं. चांगुणाला सोडण्याचं आणि न सोडण्याचं कळत नव्हतं, पण तिला आपलं पोर माहीत होतं. असलं पत्र वाचल्यावर तो वाद करणार नाही, रुसणार नाही. पायरी चढू नको म्हटलंय ना, मग नाही चढणार, एवढं म्हणेल आणि रजेचा अर्ज मागं घेईल. हा हट्ट त्यानं कुणाकडून उचलला ते शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. तो आत्ता तिच्या शेजारी बसला होता आणि कंडक्टरनं दिलेल्या तिकिटावरचा नंबर तपासत होता.

तिला एकच आशा होती. घरातलं कुठलंही पत्र आबांच्या सहीशिवाय जात नसे. सासऱ्यांनी बावन्नाव्या वर्षी रात्रीच्या शाळेत जाऊन पाच अक्षरांपुरती लेखणी साध्य केली होती आणि तेव्हापासून ते अंगठ्याचा डाग पाहिला तरी तोंड फिरवत. लग्नपत्रिकेचा मसुदा असो, नाही तर सोसायटीचा अर्ज, खाली म्हाळू आबांची सही हवी. आबांनी सही नाही केली तर पत्र खिशातच राहील. पण करणार नाहीत कशावरून? हलगी टाकली होती ती त्यांनीच.

*

ती हकीकत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि दर वर्षी एकदा ती नव्यानं सांगितली जायची. छप्पन साली धम्म घेऊन आबा मूळ गावी परतले ते थेट घरात गेले, खुंटीवरची हलगी काढली आणि विळ्यानं तिचं कातडं उभं-आडवं कापलं. पाटलाचा गडी बोलवायला आला. वाड्यावर बारसं होतं. आबांनी त्याला कापलेलं कातडं दाखवलं आणि म्हणाले, हे वाजतंय का बघ. मग व्हायचं ते झालं. दळण बंद, दुकान बंद, विहिरीकडची वाट बंद. सहा महिन्यांनी बिऱ्हाड शिरूरला आलं, घोडनदीच्या बाजूच्या वस्तीत. हलगीचं कडं मात्र आबांच्या बायकोनं, जाईबाईनं टाकू दिलं नाही. चांगलं लाकूड होतं. ते तिनं पाण्याच्या हंड्याखाली ठेवलं आणि क्रांतीला घरात काहीतरी उपयोग लावून दिला.

शंकरराव दारातून आत आला तो चप्पल काढायच्या आधी फोटो काढून उभा राहिला. धाकटा भाऊ चांगदेव एसटीत कंडक्टर होता. ड्यूटी बदलून मुद्दाम थांबला होता. त्यानं फोटो घेतला, उजेडात धरला आणि पुतण्याची तब्येत सुधारली आहे असं मत दिलं.

"तब्येत नको बघू. हातात काय आहे ते बघ."

"बघितलं की. दादा, तार आली म्हंजी रडायचं असतंय. वाजली म्हनून कोन रडतं?"

शंकररावाला हसू आलं नाही. त्यानं सगळ्यांना बसायला सांगितलं आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. तो मीटिंगमध्ये बोलायचा तसा बोलला. दौंडच्या वस्तीत त्यानं कितीदा भाषणं केली होती. वाजंत्री सोडा, मेलेलं ओढू नका, पोरांना शाळेत घाला. तीन गावांत लोकांनी त्याचं ऐकून हलग्या जाळल्या होत्या. त्या लोकांना आता हा फोटो दाखवायचा? पाटलाच्या वाड्यातून सुटलो आणि पोरगं विमानानं जाऊन शेखाच्या वाड्यात हजर झालं. शेखापुढं वाजवतो. म्हातारा खूश आहे म्हणे. पाटीलसुद्धा खूश असायचा.

शेवटच्या वाक्यावर चांगदेवची चेष्टा थांबली. ते खरं होतं. तो वहिनीच्या बाजूनं बोलायचं ठरवून आला होता. आता तो खाली बघून तिकिटाचा पंच उघडमीट करू लागला.

ताईबाईनं मात्र तोंड उघडलं. ही शंकररावाची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली; भावांच्या भांडणात दर वेळी तिसरी बाजू घ्यायची तिला सवय होती. ती म्हणाली, की पोरगं सैपाकघरात नाही, दारूच्या गुत्त्यात नाही, चार मानसांत बसलंय, आन् तू आकाशपाताळ एक करतोस. तुला डफाचं दुःख न्हाई, तुझं तारघर बुडालं त्याचं दुःख हाय.

हे इतकं नेमकं लागलं, की शंकरराव बहिणीशी बोलायचाच थांबला आणि आबांकडं वळला.

म्हाळू आबा भिंतीशी बसून होते. त्यांनी अजून फोटो मागितला नव्हता. पत्र मात्र वाचून दाखव म्हणाले. शंकररावानं वाचलं. 'पायरी चढू नये' इथं त्याचा आवाज बारीक झाला; ते चांगुणाखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

"सही कुठं करायची?" आबांनी विचारलं.

चांगुणा उठली आणि चूल बघायला आत गेली. चूल विझलेली होती, तरी ती फुंकणी घेऊन बसली. जाईबाई तिच्या मागं आली. सासू-सुनेचं कधी फार जमलं नव्हतं. मिठापासून पाळण्यापर्यंत सगळ्यावरून त्यांचं वाजलं होतं. पण जाईबाईनं फुंकणी तिच्या हातातून काढून घेतली.

"आत्याबाई, तो यायचा न्हाई वं मग," चांगुणा म्हणाली.

"कोन म्हनतं सही व्हतीय?" जाईबाई म्हणाली. "शाईची दौत मी कवाच फडताळात टाकलीय. आदी पोराचा आवाज ऐकू दे. चाँद आला बघ."

*

चाँदभाई यंत्र नव्या पंच्यात गुंडाळून, बाळंतिणीच्या मुलासारखं छातीशी धरून आला. त्याला घरातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं सगळ्यांना सलाम केला, आबांच्या पाया पडला, यंत्र सतरंजीवर मांडलं आणि कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग एका तंतुवाद्याचा जाड, घोगरा आवाज, जसा कुणी झोपेतून उठून घसा साफ करावा. बऱ्याच वेळानं एक म्हातारा गाऊ लागला. त्यानं एक ओळ म्हटली. ती पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा तीच, पण मधेच एका अक्षरावर तो असा रेंगाळला, की ऐकणाऱ्या माणसांतून एकदम आवाज उठला, "अल्ला!"

जाईबाईनं पदर डोक्यावर घेतला. नमाज आहे का, असं तिनं हळूच विचारलं. चाँदभाई म्हणाला, नाही आजी, तुमच्यात 'वा' म्हणतात ना, तसं. गाणं एका बाईवर आहे.

"कुनाच्या बाईवर?"

"तिचा नवरा मोती काढायला समुद्रात गेलाय. ती वाट बघतीय."

जाईबाईनं पदर तसाच राहू दिला. म्हातारा चौथ्यांदा तीच ओळ म्हणू लागला. चांगदेवनं विचारलं, की दुसरी ओळ कवा येती? चाँदभाई म्हणाला, घाई नसते तिकडं. मिसर म्हणजे इजिप्तमधली एक मोठी गाणारी बाई गेल्या साली वारली. ती एकेक ओळ अशीच घोळवायची, अर्धा अर्धा तास. ती गेली त्या दिवशी बू यूसुफनं दुकान बंद ठेवलं आणि तीन दिवस कुणाशी बोलला नाही. राजे तिकडं आपसांत भांडतात, पण तिचा आवाज लागला की सगळ्यांचे रेडिओ एकाच ठिकाणी. चांगदेव म्हणाला, आपल्याकडं हल्ली सगळे रेडिओ एकाच ठिकाणी असतात, पण ते गाण्यासाठी नाही. ताईबाईनं त्याला डोळ्यांनी दाबलं. दिवस तसे होते.

मग डफ आला.

आधी लांबून, एकेक थाप. नंतर जवळ. शंकररावानं मान फिरवली. त्याला हे ऐकायचं नव्हतं. त्याला बाभळीच्या जाळाचा उजेड दिसत होता, आणि दहा वर्षांचा शंकर, काखेत पाचटाचा भारा. हलगी थंडीत बसते, आवाज देत नाही. ती शेकावी लागते. जाळ घालायचं काम त्याचं. वाड्यासमोर आबा वाजवायचे आणि तो दूर, रस्त्याच्या पलीकडं, जाळ करून थांबायचा. आतून जेवणाचा, बासुंदीचा वास यायचा. दुपार टळल्यावर धोतराच्या सोग्यात वरून काहीतरी पडायचं. शंकररावानं त्या दिवसांपासून बासुंदी खाल्ली नव्हती आणि का खात नाही हे कुणाला सांगितलं नव्हतं.

थापा दाट होत गेल्या. कॅसेटमधले ऐकणारे टाळ्या धरू लागले. खोलीत कुणी हललं नाही.

"तिसऱ्या थापेला घाई करतोय," शंकरराव म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. शंकररावानं आपण काय बोललो ते ऐकलं आणि फोटो उलटा करून ठेवला.

"करतोय खरा," आबा म्हणाले. कॅसेट लागल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

गाणं तोडून मग भैरूचा आवाज आला. चांगुणा यंत्राच्या इतकी जवळ सरकली, की चाँदभाईला यंत्राची काळजी वाटली.

'आबा, आजी, नाना, आई, काका, आत्या. म्या भैरू. सगळे बरे असाल. मलाबी बरं हाय. आईनं वळखला का आवाज? सर्दी हाय जरा.' मग मागं कुणीतरी अरबीत काही बोललं आणि हसण्याचा आवाज आला. 'ह्यांना वाटतंय माझं नाव बहर. म्हंजी समुद्र. म्या सांगितलं, आमच्यात घोड नदी हाय, तेवढंच पानी. नाना, तुमाला डफाचं आवडणार न्हाई, मला ठावं हाय. म्हनून तोंडानं सांगतोय. आठवड्याचे सा दिस म्या गाडीच्या खाली असतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. गुरवारी तेवढा वर येतो. हे गानं मोत्याचं हाय. मोती यांनी काढायचा, दुसऱ्याच्या बायकांनी घालायचा. मला अर्थ सांगितला तवा म्या म्हनलं, ही गोष्ट वळखीची हाय. डफ वाजवणारी ही काळी मानसं मागच्या काळात गुलामांची पोरं म्हनून दाराबाहीर असायची. आता रेडिओवाले त्यांना गाडी पाठवत्यात. इथं एक हसन मास्तर हाय, फिलिस्तीनचा. त्याला गावातनं हाकलला. गावाचं नावच नकाशात न्हाई आता. तो गातो आन् रडतो. त्यानं मला इचारलं, तुझं कसं? म्या म्हनलं, तुला गावातनं काढलं, आमाला गावात घेतलंच नव्हतं. लई दिवसांनी हसला. म्हनला, वाजव मग.'

खरखर झाली. भैरूनं नाक ओढलं.

'बू यूसुफनं इचारलं, हा हात कुनी शिकवला? म्या म्हनलं, कुनीच न्हाई. आबा पाठीवर थापटून निजवायचे, तवाचा हाय. एप्रिलमदी येतो.'

गाणं पुन्हा सुरू झालं. चाँदभाईनं कळ दाबून ते बंद केलं.

शंकरराव वडिलांकडं बघत होता. छप्पन साली भैरू सात वर्षांचा होता. पाठीवर थापटून निजायचं वय सरत आलेलं. पण गाव सोडून शिरूरला आल्यावर त्या पोराला दोन वर्षं झोप लागत नसे, आणि त्याला आबांशिवाय कुणाचा हात चालत नसे, हे त्याला आता आठवलं. म्हणजे कातडं कापल्यानंतरची दोन वर्षं.

"आबा," तो म्हणाला. "तुम्ही?"

"मंग काय करनार व्हतो," आबा म्हणाले. "पोरगं निजत नव्हतं. मला दुसरं कायबी येत नव्हतं."

ताईबाई काहीतरी बोलणार होती, पण जाईबाईनं तिचा हात धरला. आबांनी आता फोटो मागितला. तो सुलटा केला, हात लांब करून धरला, जवळ आणला.

"चाँद, हा फोटू काढायपुरता खाली बसलाय, का वाजवताना बी?"

प्रश्न चाँदभाईला कळला नाही. त्यानं सांगितलं की वाजवतानाही बसूनच. सगळेच गालिच्यावर असतात. म्हातारा बू यूसुफ मधे, हा त्याच्या उजव्या अंगाला. चहा आला तर एकाच तबकातून.

"कुनी म्हनत न्हाई, ऊठ आन् तिकडं दाराशी जाऊन वाजव?"

"उभा राहिला तर तो जलसा कसला, आबा? तिकडं जलसा म्हणजेच बसणं. अरबी शब्द आहे. जलस म्हणजे बसला."

"जलसा म्हंजी गानं न्हवं?"

"गाणं नंतर. आधी बसायचं."

आबांच्या तरुणपणी पुण्याकडून आपल्या माणसांचे जलसे यायचे, बाबासाहेबांची गाणी घेऊन. रात्र-रात्र ऐकले होते. गावात परत गेल्यावर गुणगुणले होते. शब्दाच्या पोटात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणाऱ्यांनाही बहुधा माहीत नव्हतं.

"शंकर," ते म्हणाले, "वाड्यावरनं आलो म्हंजी माझे पाय कोन दाबत व्हतं?"

"मी."

"हात का दाबत नव्हतास? वाजवत तर हातानं व्हतो."

शंकररावाला ते पाय आठवत होते. घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा.

"हात कवा दुखलाच न्हाई," आबा म्हणाले. "लगीन आसंल तर रस्त्यानं पुढं चालत, पोळ्याला वेशीत उभा, बारशाला दारात उभा. चाळीस वर्सांत बस म्हनून कुनी म्हनलं न्हाई. जोत्याला टेकलो तर पानी शिपडायचे. म्या टाकलं ते उभं राहनं टाकलं, शंकर. हलगी त्याच्यासंगं गेली. तिचा काय गुन्हा व्हता, ते मला अजून सांगता येत न्हाई."

"मग मी गावोगाव सांगितलं ते खोटं?"

"खोटं कसं? त्यांना बसून कोन वाजवू देत व्हतं? त्यांनी जाळल्या ते बेस केलं."

यावर वाद घालण्यासारखं बरंच होतं आणि शंकररावाकडं मुद्देही होते. शेख तो शेखच. आज गालिच्यावर बसवतो, उद्या पासपोर्ट कपाटात ठेवतो, पोरानंच सांगितलंय. बसवलं म्हणजे बरोबरीचं केलं असं होत नाही. त्यानं हे बोलूनही दाखवलं. आबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली, कारण ते त्यांनाही पटलं होतं.

"म्हनूनच पत्र लिहायचं," ते म्हणाले. "पर हे न्हवं."

दौत सापडत नव्हती. जाईबाई निर्विकार चेहऱ्यानं म्हणाली, की फडताळात बघ, कुठं जातीय? चांगदेवनं आपला बॉलपेन काढून दिला. निळं पत्र एकच होतं, ते लिहून झालेलं. शंकररावानं एकेक ओळ पट्टी धरल्यासारखी खोडली. 'विषय : वाद्यवादन' एवढं राहू दिलं. खाली तीन बोटं जागा उरली होती.

"लिही," आबा म्हणाले. "बसून वाजव."

शंकररावानं लिहिलं.

"तिसऱ्या थापंला घाई करू नको."

शंकरराव थांबला. ते त्याचं वाक्य होतं. मग तेही लिहिलं.

"आन् लिही, की ज्या दिशी कुनी म्हनंल ऊठ आन् दाराशी उभा राहून वाजव, त्या दिशी डफ तितंच ठिव. त्याला शिव्या देऊ नको, कारन सांगत बसू नको. नीट घरी ये."

आबांनी पेन घेतला आणि सही करायला वाकले. म्हाताऱ्याचा हात कागदावरून सावकाश चालला होता. चांगुणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं संपून सही आली की पत्र पुरं होतं हे तिला माहीत होतं. तिनं जाईबाईकडं पाहिलं. जाईबाई चाँदभाईला सांगत होती, की लाव ते पुन्हा, त्या बाईचा नवरा परत आला का ते ऐकायचं राहिलं.

सही झाली. शंकररावानं सवयीनं पत्र वाळवायला हवेत धरलं, घडी घालायला घेतलं आणि परत उघडलं. सहीच्या खाली नियमाप्रमाणं काही लिहायचं नसतं; हा नियम त्यानंच केला होता. चांगदेवकडून पेन पुन्हा मागून घेऊन, कुणाला न विचारता, त्यानं उरलेल्या जागेत बारीक अक्षरात एक ओळ बसवली.

'कोणत्याही गाडीने ये. मी फलाटावर आहे.'